खिंडीतली शपथ
मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, तुम्ही हिमालयातल्या खिंडीत धान्य लादलेल्या मेंढ्यांमागे उभे आहात. पुढे तिबेट आहे. व्यापारी हरमल लेकीला, धनुलीला, घेऊन आलाय. धान्याच्या बदल्यात मीठ देणारा त्याचा तिबेटी मित्र तोपग्याल वाटेत दगड घेऊन बसलाय. दरवर्षीची रीत अशी: सोबत कुणी परका आणला नाही अशी हरमलने शपथ घ्यायची, मग दगड फोडून दोघांनी अर्धा-अर्धा जपायचा. “इतकी वर्षं माझं मीठ खातोस, तरी हाडंच दिसतात तुझी,” तोपग्याल हसला. “सांग, सोबत कुणी गोरा साहेब नाही ना? गोऱ्यांना तिबेटात बंदी आहे; निघाला तर आत सोडलं म्हणून मुंडकं माझं उडेल.” “नाही रे,” हरमल म्हणाला. नकाशे काढणारा साहेब तोंडाला काजळी फासून कळपामागे उभा होता. त्याला नेलं नाही तर इंग्रज सरकारकडून हरमलला तुरुंग ठरलेला होता. तोपग्यालने दगड फोडायला उचलला. धनुलीने त्याचा हात धरला आणि ती त्याला साहेबासमोर घेऊन गेली.