अकरा मासे

"अकरा," ती म्हणाली. "तीन वर्षांत फक्त अकरा."

बैठकीच्या खोलीत तिने पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर दोन आकडे होते. नदीत पकडून तपासलेले सोनपंखी मासे सहा हजार चारशे अठरा. त्यांतले मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेले, अकरा.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचे वडील बसले होते. ते केंद्र त्यांनीच उभं केलं, तीस वर्षं चालवलं. दरवर्षी चाळीस हजार पिल्लं ते नदीत सोडत, आणि दरवर्षी सोनपंखी आणखी कमी होत जाई. आज नदी समितीला ठरवायचं होतं: केंद्राला नव्या आठ टाक्या द्यायच्या, की मासे अंडी घालायला वरच्या अंगाला निघतात तेव्हा सहा आठवडे मोठ्या बंधाऱ्याचं दार उघडं ठेवायचं. टाक्या वडिलांनी मागितल्या होत्या, दार लेकीने. गेले चार दिवस घरात दोघांचं बोलणं मीठ मागण्यापुरतंच उरलं होतं.

"केंद्राचा मासा ओळखला कसा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सोडण्याआधी प्रत्येक पिल्लाच्या पोटाखालच्या डाव्या पराचं टोक कापलं होतं, मॅडम."

बंधाऱ्याचे इंजिनियर खुर्चीत मागे रेलले. "अहो, पर पुन्हा उगवतो! म्हणजे संपलंच की सगळं."

ती उत्तर देणार तोच वडील म्हणाले, "उगवतो. पण वाकडा."

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"कापलेली दोनशे पिल्लं हिने माझ्याच केंद्रात ठेवली होती. तीन वर्षं मीच त्यांना खायला घातलं. न कापलेल्यांत ती मिसळायची आणि काही न सांगता बाहेरच्या माणसाला ओळखायला लावायची. दोनशेत तीन चुकले. तीनच." एवढं बोलून ते पुन्हा समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघू लागले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"बरं, नसतील टाकीतले मासे तग धरत," इंजिनियर म्हणाले. "पण दार उघडल्याने मासे वाढतील हे कशावरून? एखाद्या वर्षी पाऊसच चांगला होतो."

तिने चित्र बदललं. मोठ्या बंधाऱ्याच्या खाली नदीला मिळणारे दोन फाटे, दोन्हींवर एकेक छोटा बंधारा. चार वर्षं दोन्ही बंधाऱ्यांच्या वर एकही पिल्लू सापडलं नव्हतं. मग डाव्या फाट्यावरचं दार मोडलं आणि दोन हंगाम उघडंच राहिलं. तिथे पहिल्या हंगामात दोनशे बारा पिल्लं, दुसऱ्या हंगामात नऊशेच्या वर. उजव्या फाट्यावर शून्य.

"पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला, साहेब. दार मात्र एकच मोडलं."

मागच्या रांगेतलं कुणीतरी फसकन हसलं. इंजिनियरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"पुरावा दोनच फाट्यांचा आहे, म्हणून कायमचं उघडा असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "या हंगामापुरतं मोठ्या बंधाऱ्याचं उघडा. आधी मोजू, नंतर मोजू. पिल्लं दिसली नाहीत, तर याच खोलीत येऊन माझं चुकलं म्हणून सांगेन."

अध्यक्षबाई वडिलांकडे वळल्या. "सर, टाक्या तुम्ही मागितल्यात. तुमचं काय म्हणणं?"

ते उठले. उठायला जरा वेळ लागला.

"माझा अंदाज हजाराचा होता," ते म्हणाले. "निदान हजार तरी माझे निघतील असं वाटलं होतं. मासे मी चांगले वाढवले, बाई, त्यात कसूर केली नाही. पण पोरीने काम चोख केलंय. मी तीन वर्षं त्यात खोट शोधत होतो, सापडली नाही." त्यांनी समोरचा टाक्यांचा नकाशा गुंडाळला. "टाक्या नकोत. दार उघडा."

समितीतले सातही हात वर झाले. इंजिनियरांचा शेवटी, पण झाला.

बाहेर जिन्यात ती त्यांच्या मागून धावत आली.  ती काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "सकाळपासून पोटात काही आहे का तुझ्या?"

सात आठवड्यांनी दोघं मोठ्या बंधाऱ्याच्या वर, पोटरीभर पाण्यात उभे होते. तळाशी गोट्यांवर तिने हातभर लांबीरुंदीची लोखंडी चौकट ठेवली होती. चौकटीत जेवढी पिल्लं दिसतील तेवढी मोजायची, मग चौकट पुढे सरकवायची. काठावर मासेमार बायका टोपल्या खाली ठेवून बघत उभ्या होत्या. वडील विजारीच्या घड्या गुडघ्यापर्यंत चढवून, नाक पाण्याला टेकेल इतके वाकले होते.

"किती, बाबा?"

मान वर न करता त्यांनी हातानेच तिला गप्प केलं.

"थांब गं! एका जागी राहतील तर शपथ. किती आहेत लेकाचे! पुन्हा पहिल्यापासून मोजतो."