उत्तराला लागलेला वेळ

मुक्ता आईशी, इरावतीशी, भांडून मंगळावर गेली, त्याला दोन वर्षं झाली. तिचा एकही निरोप नव्हता. पण तिच्या मनगटावरचं यंत्र हाकेला ओ द्यायचं. इरावतीने संगणकावर लिहिलेली स्क्रिप्ट रोज सकाळी हाक घालायची आणि पडद्यावर ‘आहे’ एवढंच उमटायचं.

“उत्तर यायला वेळ किती लागतो गं?” चहा ओतताना नवऱ्याने, श्रीरंगने, सहज विचारलं.

“मंगळापर्यंत हाक जाऊन उत्तर यायला सध्या अर्धा तास तरी.” तो आकडा पडद्यावर दाखवायचं इरावतीला कधी सुचलंच नव्हतं. तिने स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली आणि पुन्हा हाक घातली.

दोन सेकंद.

“अरे, हे तर चंद्राच्या अलीकडून आलंय!”

तासाभराने आकडा आणखी खाली आला. श्रीरंग मुक्ताच्या खोलीची किल्ली शोधायला उठला.