काकींच्या घरात मुंगी नाही

पाड्यावरून मोखाड्याला भाड्याच्या खोलीत आल्यापासून कविताच्या तान्ह्या पोरीला रोज मुंग्या चावत होत्या. झोळी उंच बांधून झाली, हळद टाकून झाली, तरी सकाळी पोरीच्या पाठीवर चट्टे उठलेलेच.

शेजारच्या शीलाकाकी दारातूनच नाक मुरडत शिकवायच्या. "काळ्या मुंग्या नुसत्या पळतात. या लाल, या चावतात. गोडाच्या वासावर येतात. तुम्हां पाड्यावरच्यांना उष्ट्याखरकट्यात राहायची सवय. माझ्या घरात एक मुंगी दाखव, म्हणशील ते देईन."

"नाही काकी, तुमच्याकडे नाहीच," असं म्हणून कविता मान खाली घालून पुन्हा फरशी पुसायला बसायची.

आज पोरीच्या रडण्याने ती पहाटेच उठली आणि पाण्यासाठी मागचं दार उघडलं. शीलाकाकी ओल्या केसांनी, ओठांत देवाचं नाव घेत, कविताच्या भिंतीच्या कडेकडेने रवा-साखर घालत होत्या.

"मुंग्यांना घालायचं व्रत आहे माझं," मूठ न थांबवता त्या म्हणाल्या.

मग कविताकडे बघत त्यांनीच समजावलं,

"माझ्या भिंतीशी घातलं तर घरात शिरतात गं."