तिन्हीसांजेचा फोन

उसाच्या रसाचे दोन ग्लास आले, तसा साईनाथने आपला ग्लास न पिताच बाजूला सरकवला. समोर त्याची मुलगी नंदिनी, पहिलीतली. शाळेचं दप्तर अजून पाठीवरच. तिने एक घोट घेतला, "आलं जास्त झालंय," म्हणाली आणि तोंड वाकडं केलं. शनिवार पेठेतल्या त्या रसवंतीत भर दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. सांगायला याहून बरी जागा मिळणार नव्हती, आणि साईनाथला तर कुठलीच जागा बरी वाटत नव्हती.

सांगायचं एवढंच होतं, की तुझी आई गेली.

दिवाळी झाली आणि शर्मिलाला ताप आला. दवाखान्यात नेली, ती परत आलीच नाही. नंदिनी तेव्हा कर्वेनगरला मंदाकिनीआत्याकडे होती. "एवढंसं पोर ते, त्याला काय कळणार? आई गावाला गेलीय म्हणून सांगू, मग बघू पुढचं पुढे," असं आत्या म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवसकार्य उरकेपर्यंत पोरीला तिकडेच ठेवलं. दहाव्याला साईनाथने मुंडण केलं होतं. ती कसबा पेठेत घरी आली आणि बापाच्या डोक्याकडे बघतच राहिली, तेव्हा त्याने सांगितलं, उवा झाल्या होत्या. हार घातलेला फोटो कपाटात साड्यांच्या मागे गेला. मोठी माणसं एकदा खोटं बोलायला लागली, की पोरांच्याही वरताण करतात.

सगळ्यांवर कडी केली ती आजीने, म्हणजे साईनाथच्या आईने. पहिल्याच संध्याकाळी नंदिनीने "आई कधी येणार?" म्हणून भोकाड पसरलं, तेव्हा इंदुबाईंनी फोन कानाला लावला आणि बोलायलाच लागल्या. "कोण, शर्मिला? बरी आहेस ना गं? हो, हो, जेवते हो नंदिनी." पलीकडे कुणी नव्हतं. साईनाथ मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला.

तेव्हापासून रोज देवापुढे दिवा लागला, की तो फोन ठरलेलाच. नंदिनीने हात पुढे केला की आजी म्हणायची, "अगंबाई, ठेवला वाटतं तिने. गावाला रेंज कुठली असायला!" पुढे नंदिनीने फोन मागणंच सोडलं. उलट आजी विसरली तर तीच आठवण करायची, "आजी, आज आईला फोन नाही केलास?" काय सांगू गं आईला, असं आजीने विचारलं की शेजारी बसून सांगायची, "सांग, मी दोडक्याची भाजी खाल्ली." आत्याने एकदा हे पाहिलं आणि ती डोळे पुसत म्हणाली, "बघ, रुळली की नाही पोर?"

रुळली कसली! शाळा सुटायची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायला लागायचं. डॉक्टर झाले, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. पोटदुखी काही थांबेना. वर्गात ती मुक्यासारखी बसायला लागली. शेवटी शाळेतल्या समुपदेशक पूर्णिमा मॅडमनी साईनाथला बोलावून घेतलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"अहो, तुम्ही सांभाळताय कुणाला? तिला की स्वतःला?" त्या म्हणाल्या. "आजच सांगा. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर ती तुमच्यावर परत कधी विश्वास ठेवेल का?"

खरं होतं, म्हणून तर ते झोंबलं. म्हणून तर तो आज शाळेतून तिला परस्पर इथे घेऊन आला होता. पण आता इकडे आड, तिकडे विहीर. न सांगावं, तर पोर आतल्या आत कुढतेय. सांगावं, तर तिची आई आपल्याच तोंडून पुन्हा मारायची. बायको गेली तेव्हाही इतकं असहाय्य वाटलं नव्हतं. तेव्हा निदान डॉक्टर होते, त्यांच्यावर चिडता येत होतं.

"नंदू," तो म्हणाला.

"काय?"

"आवडला ना रस?"

"मगाशीच सांगितलं ना बाबा. आलं जास्त झालंय."

त्याने तिचा हात हातात घेतला. बोटं रसाने चिकट झाली होती.

"नंदू, आई... आई गावाला नाही गेली बाळा."

नंदिनीने ग्लास खाली ठेवला. आता ही किंचाळेल, असं वाटून त्याने तिचा हात आणखी घट्ट धरला.

"माहितीये मला," ती म्हणाली. "आई मेली."

साईनाथने तिचा हात सोडला. "कुणी... कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. आईच्या साडीचा वास घ्यायला मी कपाट उघडलं होतं. तिचा चष्मा तिथेच होता. चष्म्याशिवाय तिला जिनासुद्धा दिसत नाही, गावाला कशी जाईल? आणि फोटोला हार होता."

त्याला रडू आवरेना. इतके महिने अडवून धरलेलं सगळं त्या बाकावर बाहेर आलं. चरकावरच्या माणसाने एकदा वळून पाहिलं आणि शहाण्यासारखं पुन्हा ऊस लावायला घेतला. नंदिनी बापाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मोठ्या बाईसारखी.

"मग बोलली का नाहीस गं इतके दिवस? एकदा तरी विचारायचंस."

नंदिनीने दाराकडे पाहिलं. मग पुढे वाकून, त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती हळूच म्हणाली,

"आजीला नको सांगूस हं बाबा. तिला अजून वाटतं, फोनवर आईच बोलते."