शेवटचा रकाना

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी गावच्या, स्मरणशक्ती तपासणाऱ्या दवाखान्यात नर्स विचारत होती आणि क्लिफर्ड उत्तरं देत होते. वार, महिना, शंभरातून सात-सात वजा, सगळं बरोबर. शेजारी त्यांची लेक जॅनीन मुठी आवळून बसली होती. आज बाबा चुकले, तर त्यांना घरी एकटं राहता येणार नव्हतं.

"काका, तुम्ही तर माझ्यापेक्षा तल्लख निघालात," नर्स हसली. जॅनीनच्या मुठी सैल झाल्या. "आता राष्ट्रीयत्वाचा एकच रकाना राहिलाय. ब्रिटिश लिहू ना?"

जॅनीनने ओशाळून मान खाली घातली. कुठल्याही अर्जावर हा शब्द दिसला, की बाबा खिशातलं पेन काढून तो खोडत, वर 'इंग्लिश' लिहीत आणि समोरच्याला ऐकवत, "ब्रिटिश ते म्युझियम, पोरी. मी माणूस आहे." आईला शेवटचं इस्पितळात नेलं, तेव्हाही त्यांनी नोंदणीच्या खिडकीवर एवढ्यासाठी रांग खोळंबवली होती.

क्लिफर्डनी आधी लेकीकडे पाहिलं, मग नर्सकडे.

"लिही की, बाळ," ते गोड हसून म्हणाले, "तुला बरं वाटेल ते."

जॅनीनच्या मुठी पुन्हा आवळल्या. पेन खिशातच होतं.