अर्धा फोटो

हर्षलाने प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये टेबलावर फोटो आपटला. कॉलेजच्या हॉस्टेलची गच्ची, पंधरा वर्षांपूर्वीची पद्मजा आणि तिच्या बोटांत गांजाची सिगरेट. शेजारी बसलेल्या स्वतःला मात्र हर्षलाने कालच कात्रीने छाटून टाकलं होतं.

"क्षेपणास्त्राच्या गुप्त प्रकल्पात जागा एकच आहे. संध्याकाळपर्यंत तुझं नाव मागे घे, नाहीतर हा फोटो सुरक्षा अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाईल. गांजेकस बाईच्या हाती देशाची गुपितं कोण देतंय!"

"मग दे ना नेऊन," पद्मजा पोळीचा तुकडा मोडत म्हणाली. "वाट कसली बघतेस?"

हर्षलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉस्टेलच्या खोलीतही हिचा हाच माज होता! "चौकशीच्या फॉर्मवर विचारलंय, कधी नशा केली होती का म्हणून. मी सरळ 'नाही' लिहून मोकळी झाले. तू काय लिहिणार?"

"लिहून दिलंसुद्धा सोमवारी. वर्षभर ओढला, मग सोडला, चौदा वर्षांत शिवले नाही. आता मला घेतील नाहीतर हाकलतील." पद्मजाने डबा बंद केला. "पुढचा प्रश्न होता, सोबत कोण होतं?"

हर्षलाने घाईघाईने फोटो उचलला.

"राहू दे गं तो तुझ्याकडेच," पद्मजा उठत म्हणाली. "माझ्याजवळ अख्खा होता. तोच फॉर्मला जोडलाय."