जाळीखालची झाडं

"ताई, तू फक्त बोट ठेव. बाकीचं मी बघतो," असं म्हणत धाकट्या भावाने तिला हाताला धरून सावलीसाठी बांधलेल्या हिरव्या जाळीखाली नेलं.

तिला हसू आवरेना. या नर्सरीत ती कित्येक वर्षं येत होती, पण विकायला. घरच्या अंगणात गुलाबाची कलमं बांधायची, ती धरली की टोपलीत घालून इथे आणायची. त्यावरच तिचं घर चालायचं. जाळीखाली जायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिची झाडं बाहेर, भर उन्हात मांडलेली असत.

"हे नेचे घे. ही पीस लिली, हिला ऊन लागतच नाही म्हणे. आणि हे कॅलॅडियम. पानं बघ, हाताने रंगवल्यासारखी."

ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. लहानपणी खुरपायला बसवलं तर हा रोपं उपटायचा आणि गवत ठेवायचा.

"अरे, तुला ही नावं कुठून आली?"

"बघत होतो मोबाइलवर. म्हटलं, ताईला काहीतरी घेऊन द्यावं."

नर्सरीवाल्या बाई मातीचे हात पदराला पुसत आल्या. "आज गुलाबताई गिऱ्हाईक! सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" मग त्यांनी आपला ठरलेला प्रश्न विचारला, "कुठे ठेवणार?" जागा सांगितल्याशिवाय त्या कुणालाच रोप देत नसत. त्यापायी किती गिऱ्हाइकांशी त्यांची भांडणं झाली होती.

"अंगणात," भाऊ म्हणाला. "तिच्या वाफ्यातच लावायची."

"गुलाबांच्या वाफ्यात? दुपारपर्यंत करपून जातील. यांच्याकडे उन्हाला काय तोटा!"

"नाही, तुम्ही सावलीतलीच द्या."

"अहो, पण सावली पडणार कशाची? समोर तर तुमच्याच वाटणीची मोकळी जागा ना? तिथल्या गवताची पडणार का?"

बाई स्वतःच्या बोलण्यावर हसल्या. तीही हसली. भाऊ हसला नाही. नेच्याचं एक वाळकं पान खुडून तो ते बोटांत चुरगाळत बसला.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. ते पुसायचं तिला सुचलंच नाही.

"किती मजले?" तिने विचारलं.

"घरी गेल्यावर बोलू, ताई."

"किती?"

"सात."

तिने आकडा ऐकला, पण तो आत काही उतरेना. हातातली कुंडी तिने खाली ठेवली, तीही तिरकी.

"सही केलीस?"

त्याने मान हलवली. "महिना झाला."

महिना. गेल्या रविवारीच तो तिच्या अंगणात चहाला बसला होता. डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून त्याने खुर्ची सरकवून घेतली होती. गुलाबांचं कौतुक केलं होतं. दुसरा कप मागितला होता.

"तुझ्या भिंतीपासून जागा सोडायला सांगितलंय बिल्डरला," तो आता घाईघाईने बोलू लागला. "मी काय तुला वाऱ्यावर सोडणार आहे का? म्हणून तर आलोय इथे. गुलाबाच्या ऐवजी ही लाव. हीसुद्धा झाडंच आहेत ना? उलट काटे नाहीत, काही नाही. बाई तुझ्याकडून हीही घेतील. काय हो, घ्याल ना?"

पिशवीत भरायला घेतलेला नेचा बाईंनी पुन्हा रांगेत ठेवला.

ती जाळीखालून बाहेर पडली. बाहेर तिच्याच कलमांची रांग होती. परवाच आणलेली. एकाला लाल कळी उमलायला लागली होती. ती त्या कुंडीपाशी थांबली.

"इकडे ये."

तो आला.

"इथे उभा राहा. सूर्याकडे तोंड कर. असा नाही, थोडा अलीकडे."

तो सरकला. त्याची सावली कुंडीवर पडली. कळीचा लाल रंग विझल्यासारखा काळपट झाला.

ती कुंडीकडे बघत उभी राहिली. ऊन त्याच्या डोळ्यांत जात होतं. त्याने हाताने आडोसा केला, मग रुमाल काढून मान पुसली. जाळीच्या कडेला बाईही येऊन थांबल्या होत्या. त्यांच्यासमोर त्याला धड उभंही राहवेना आणि हलताही येईना.

"ताई, किती वेळ उभं राहायचं असं?"

"कंटाळलास की हो बाजूला," ती म्हणाली. "तुला होता येतं."